दोष वाटेवरचा

‘डिस्क गेली’ असं कुणी सांगितलं की मी आधी डिस्ककडे बघत नाही. डिस्कपासून मदरबोर्डपर्यंतच्या वाटेकडे बघते. ही वाट हातभर लांबीचीही नसते, पण तिच्यावर ठिकाणं पुष्कळ. फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्यावरून केसाहूनही कमी अंतरावर तरंगणारं हेड, डिस्कच्या पाठीला चिकटलेली सर्किटची पट्टी, जिच्यात डिस्कचा स्वतःचा छोटा संगणकच असतो, केबल, केबलच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर, मदरबोर्डवरची कंट्रोलर चिप, त्या चिपशी बोलणारा प्रणालीच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, ड्रायव्हर, आणि या सगळ्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय. यातलं काहीही अडलं तरी बाहेर बसलेल्या माणसाला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे फाइल उघडत नाही. नळाला गढूळ पाणी आलं तर धरण नासलं असं आपण म्हणत नाही. गल्लीत पाइप कुठे फुटलाय ते आधी बघतो. डिस्कच्या बाबतीत मात्र ठपका थेट धरणावर येतो.

हे नुसतं माझं मत नाही. इलिनॉय विद्यापीठ आणि नेटॲप या कंपनीच्या संशोधकांनी २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ३९,००० साठवण यंत्रणा, त्यांत १८ लाख डिस्क, आणि ४४ महिन्यांच्या नोंदी. प्रश्न साधा होता: साठवणीतले बिघाड प्रामुख्याने डिस्कमुळेच होतात का? उत्तर आलं की यंत्रणेच्या प्रकारानुसार २० ते ५५ टक्के बिघाड डिस्कचे होते, आणि २७ ते ६८ टक्के बिघाड जोडणीचे. जोडणी म्हणजे केबल, जोडकार्ड, डिस्क बसवायचा सांगाडा, त्याची वीज. म्हणजे कित्येक ठिकाणी वाटेचा दोष डिस्कच्या दोषाहून मोठा होता. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला दिलासा मिळाला, कारण रोजच्या कामात जे हाताला जाणवत होतं त्याला कुणीतरी मोजून दाखवलं होतं.

डिस्कवर ठपका का येतो हे मला समजतं. जपायचं ते सगळं तिच्यात असतं. लग्नाचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, संस्थेचे हिशेब. केबलमध्ये कुणाचं काही नसतं, कंट्रोलरमध्ये कुणाचा जीव गुंतलेला नसतो. म्हणून हात आधी डिस्कवर जातो, तीच काढली जाते, तीच बदलली जाते, आणि निर्दोष डिस्क ड्रॉवरमध्ये किंवा भंगारात जाते. त्याहून वाईट म्हणजे खरा दोष जागेवरच राहतो आणि नव्या डिस्कलाही लागतो.

युनिक्स आणि त्याच्या घराण्यातल्या प्रणालींशी माझं नातं जडलं ते याच कारणाने. या प्रणाली दडवत नाहीत. वाटेवर काय झालं ते जसं घडलं तसं लिहून ठेवतात. डीमेसग ही आज्ञा दिली की कर्नलने पाहिलेलं सगळं ओळीमागून ओळ समोर येतं. त्या ओळी पहिल्यांदा बघणाऱ्याला भीती वाटते, पण त्यांच्यासारखा खरा साक्षीदार मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि गंमत अशी की युनिक्सचा जन्मच एका डिस्कपायी झालेला आहे. १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांच्या हाती एक बाजूला पडलेलं पीडीपी-७ यंत्र आलं. त्याला जोडलेली डिस्क यंत्राच्या मानाने फारच वेगवान होती. तिच्याकडून जास्तीत जास्त काम कसं करून घ्यायचं, कुठली मागणी आधी पुरवायची, याचा प्रयोग म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याची परीक्षा घ्यायला आणखी प्रोग्रॅम लागले, आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आपण संपूर्ण प्रणालीपासून फक्त तीन आठवडे दूर आहोत. पत्नी बाळाला घेऊन कॅलिफोर्नियाला गेली होती, त्या तीन आठवड्यांत ते काम झालं. आज जगभरच्या सर्व्हरमध्ये जे चालतं त्याच्या मुळाशी डिस्ककडच्या मागण्यांची रांग लावण्याचा तो प्रयोग आहे.

पण त्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये चुका सावरण्याची सोय फारशी नव्हती. मल्टिक्स या आधीच्या महाकाय प्रणालीवर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनी डेनिस रिची यांच्याशी झालेलं एक बोलणं लिहून ठेवलं आहे. मल्टिक्समध्ये आपण लिहितो त्यातला निम्मा भाग चुका सावरण्याचाच असतो, असं व्हॅन व्लेक म्हणाले. रिची यांनी सांगितलं की ते सगळं आम्ही वगळलं; चूक झाली की पॅनिक नावाचा एक तुकडा चालतो, यंत्र थांबतं, आणि आम्ही ओरडून सांगतो, पुन्हा चालू करा. दहा-बारा माणसांच्या मजल्यावर ते चालून गेलं. पुढे याच घराण्यातल्या प्रणालींवर बँकांचे व्यवहार चालू लागले, तेव्हा वगळलेलं सगळं हळूहळू परत लिहावं लागलं. लिनक्समध्ये सॅटा या जोडणीवरच्या डिस्कची चूक सावरणारा भाग तेजुन हो यांनी २००६च्या सुमारास नव्याने बांधला. आज डिस्क गप्प झाली तर कर्नल थांबून पडत नाही. तो जोडणी थोपवतो, डिस्कला पुन्हा हाक मारतो, उत्तर आलं नाही तर दुवा नव्याने जोडतो, तरीही चुका येत राहिल्या तर वेग कमी करतो, आणि हे सगळं करताना प्रत्येक पावलाची ओळ लिहितो. वेग ३ गिगाबिटवरून दीड गिगाबिटवर उतरवल्याची ओळ दिसली की मला कळतं, या यंत्राने मालकाला न कळू देता पुष्कळ सोसलं आहे.

खुद्द लिनक्सची सुरुवातही डिस्क कंट्रोलरपाशीच येऊन थांबते. २५ ऑगस्ट १९९१ला हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जगाला दिली, तेव्हा त्यांनी एक कबुली दिली होती: एटी प्रकारच्या हार्ड डिस्कशिवाय दुसऱ्या कशावर ही बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढीच आहे. बाकीचे कंट्रोलर, बाकीच्या डिस्क मग ज्यांच्या टेबलावर होत्या त्यांनी त्यांनी चालवून दाखवल्या. मला हा इतिहास फार जवळचा वाटतो. ड्रायव्हर कुणा एका कार्यालयातून आले नाहीत. ज्याचं अडलं त्याने वाट मोकळी केली.

आता त्या ओळींकडे येते, कारण खरा आनंद तिथे आहे. सॅटाच्या आधीच्या आयडीई जोडणीच्या काळापासून डिस्क आपली अवस्था एका बाइटमध्ये सांगत आली आहे, आणि चूक झाली असेल तर तिचं कारण दुसऱ्या बाइटमध्ये. लिनक्सच्या लॉगमध्ये अवस्था ५१ अशी दिसली, तर हा आकडा हेक्साडेसिमल पद्धतीचा असतो हे लक्षात ठेवायचं. त्याची फोड ४०, १० आणि १ अशी होते. ४० म्हणजे डिस्क तयार आहे. १० म्हणजे हेड हव्या त्या जागी पोचलं आहे. १ म्हणजे चूक झाली. तयार आहे, पोचले आहे, पण झालं नाही. मग दुसरा बाइट वाचायचा. तिथे ४० असेल तर डिस्कला तो सेक्टर वाचता आला नाही, तबकडीवरच जखम आहे, आणि मग डिस्कवर ठपका ठेवायला हरकत नाही. पण तिथे ८४ असेल तर गोष्ट संपूर्ण वेगळी. ८४ म्हणजे ८० आणि ४. चार म्हणजे आज्ञा सोडून दिली, आणि ऐंशी म्हणजे वाटेत माहितीचा ताळा जमला नाही. डिस्कच्या अंगावर ओरखडाही नसतो. केबलच्या एका टोकाला जे निघालं ते दुसऱ्या टोकाला तसं पोचलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याच ८०च्या बिटला एक पूर्वायुष्य आहे. आधीच्या काळात तो बिट खराब ब्लॉकची खूण होता, म्हणजे ठपका डिस्कवर. माहिती नेण्याची अल्ट्रा डीएमए ही वेगवान पद्धत आल्यावर त्याच बिटला ताळ्याच्या चुकीचं काम दिलं गेलं, म्हणजे ठपका वाटेवर. मग वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? लिनक्सचा जुना आयडीई ड्रायव्हर त्याच्या सोबतीचा ४चा बिट बघायचा. ८० एकटा आला तर सेक्टर खराब, ४ला घेऊन आला तर केबलचा गोंधळ. एका बिटच्या सोबतीवरून डिस्क दोषी की निर्दोष हे ठरत होतं! या बारकाव्याला मी आजही मनापासून नमस्कार करते. ज्याने तो लिहिला त्याने कोण जाणे किती चांगल्या डिस्क भंगारातून वाचवल्या असतील.

ताळा जमवण्याची ही पद्धत, सीआरसी, सुरुवातीपासून नव्हती हे सांगायलाच हवं. १९९८च्या एटीए-४ मानकात अल्ट्रा डीएमए आलं आणि त्याच्याबरोबर केबलवरून जाणाऱ्या माहितीची तपासणी आली. त्याआधी केबलवर शब्द बदलला तर तो बदललेलाच पोचायचा. कुणी विचारत नव्हतं. वेग वाढवायचा तर सिग्नल शेजारच्या तारेत झिरपू नये म्हणून ४० तारांच्या रिबनमध्ये आणखी ४० तारा घातल्या, सगळ्या जमिनीला जोडलेल्या, दोन बोलणाऱ्या तारांमध्ये एक शांत तार. कनेक्टरच्या पिना मात्र ४०च राहिल्या. त्यामुळे जुनी केबल नव्या डिस्कला बेमालूम बसायची, यंत्र चालूही व्हायचं, आणि लॉगमध्ये ८४ची रांग लागायची. ती रांग बघून घाबरणाऱ्याला मी सांगत असे की घाबरू नका, ही तक्रार लिहिली जाते आहे म्हणजे कुणीतरी तपासतं आहे.

तपासणी नसलेल्या काळातली एक गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो. १९९५च्या सुमारास सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० या दोन कंट्रोलर चिप पुष्कळ मदरबोर्डांवर होत्या. दोन्हींत दोष होता. पहिलीला आपल्या दोन वाटा एकाच वेळी नीट सांभाळता येत नव्हत्या. दुसरी पुढचं आधीच वाचून ठेवायला गेली की घोटाळा करायची. एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रणालीत हा दोष फारसा दिसला नाही. एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या प्रणाली, म्हणजे ओएस/२, लिनक्स वगैरे, त्या चिपवर चालू लागल्या तेव्हा फाइलींमधले बाइट बदलू लागले. यंत्र बंद पडत नव्हतं, चूक झाल्याची ओळ येत नव्हती. हिशेबात एक अंक बदलायचा, चित्रात एक पट्टा तिरका व्हायचा, आणि महिन्यानंतर कुणाच्या तरी लक्षात यायचं. मालक बिचारा प्रोग्रॅमला दोष द्यायचा, विषाणू शोधायचा, डिस्क बदलायचा.

लिनक्सच्या कर्नलमध्ये या दोन्ही चिपची नावं पुढे कित्येक वर्षं राहिली. कर्नल बांधताना पर्यायांची यादी यायची, तिच्यात या दोन चिपच्या दोषांवरचा इलाज हवा का असं विचारलं जायचं. इलाज केला की वेग कमी व्हायचा, कारण वाटा एकामागून एक चालवाव्या लागायच्या, आधीच वाचून ठेवणं बंद करावं लागायचं. पण जे लिहिलं तेच परत मिळायचं. वेग की खरेपणा असा प्रश्न आला तेव्हा कर्नल लिहिणाऱ्यांनी खरेपणाच्या बाजूने कौल दिला, याचं मला मोल वाटतं.

आजच्या ड्रायव्हरमध्येही अशी एक लांबलचक यादी आहे. डिस्कच्या मॉडेलचं नाव, तिच्या फर्मवेअरची आवृत्ती, आणि पुढे खूण: हिला अनेक आज्ञा एकदम देऊ नका, हिला या वेगाने बोलावू नका, हिच्याकडून अमुक काम मागू नका. नुसती नजर टाकली तर ती तांत्रिक यादी आहे. मी ती कधी कधी रात्री सावकाश वाचते. प्रत्येक ओळीमागे कुणीतरी एक माणूस आहे, ज्याची डिस्क अडली, ज्याने लॉग जपून ठेवला, ज्याने एकेक गोष्ट बदलून पाहिली आणि जे सापडलं ते सगळ्यांच्या हवाली केलं. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला कळणार नाहीत. त्यांच्या त्रासामुळे आपल्या डिस्क आज मुकाट चालतात.

मोठ्या ठिकाणीही वाटेवर माहिती अशी मुकाट बदलते. युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत २००७ साली मुद्दाम एक तपासणी केली गेली. हजारो यंत्रांवर एक मोठी फाइल लिहायची, पुन्हा वाचायची, जुळते का बघायचं, आणि हे सतत चालू ठेवायचं. कुठलीही तक्रार न करता बदललेली माहिती सापडली. बऱ्याच चुकांचं मूळ शोधता शोधता ते डिस्कचं फर्मवेअर आणि कंट्रोलर कार्ड यांच्या परस्परांशी वागण्यात निघालं. दोन्ही एकेकटे तपासले तर ठीक. एकत्र आले की चूक.

आणि कंट्रोलर वयानेही खचू शकतो. ३१ जानेवारी २०११ला इंटेलने आपल्या नव्या चिपसेटमध्ये दोष असल्याचं जाहीर केलं. त्यातल्या ३ गिगाबिटच्या सॅटा पोर्टांना घड्याळाचा ठोका पुरवणाऱ्या भागात एका ट्रान्झिस्टरला झेपेल त्याहून जास्त व्होल्टेज मिळत होतं. यंत्र नवं असताना सगळं सुरळीत, पण काळ जाईल तसे त्या पोर्टांवरच्या डिस्क चुका दाखवू लागणार. ६ गिगाबिटचे दोन पोर्ट निर्दोष होते. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने ७० कोटी डॉलर सांगितला. ज्यांच्याकडे ते मदरबोर्ड राहून गेले त्यांच्या घरी, पोर्ट बदलला असता तर वाचल्या असत्या अशा डिस्क खुशाल ‘गेल्या’ असतील.

माझ्या स्वतःच्या कामातलं एक उदाहरण सांगते. कोकणात किनाऱ्यालगतच्या एका गावात शंभरी ओलांडलेलं वाचनालय आहे. तिथल्या मंडळींनी जुन्या मासिकांचे अंक आणि दशावतारी नाटकांच्या हस्तलिखित वह्या स्कॅन करून एका साध्या यंत्रावर ठेवल्या होत्या. यंत्रावर डेबियन लिनक्स, आत दोन डिस्क, एकीचं प्रतिबिंब दुसरीत. पावसाळ्यात त्यातली एक डिस्क वारंवार बाहेर फेकली जाऊ लागली. गावाजवळच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क गेली म्हणून नवी घालून दिली. थोड्याच दिवसांत नवीही बाहेर. ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज उतरलेला होता.

“ताई, आता पैसे नाहीत हो तिसऱ्या डिस्कला. आणि वह्यांचे मूळ कागद तर हात लावला की तुटतात.”

“काका, डिस्क घेऊ नका. मी येते. तोवर यंत्र बंद ठेवा.”

जाताना मी एक जादा डिस्क आणि दोन केबली एवढंच बरोबर घेतलं. सगळ्यांत आधी जी डिस्क चालत होती तिची पूर्ण नक्कल काढली. हे झाल्याशिवाय मी कुठल्याही यंत्राचा स्क्रू सैल करत नाही. मग दोन्ही डिस्कच्या अंगच्या नोंदी काढल्या. स्मार्ट नावाची ही सोय डिस्कमध्येच असते, ती स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते. पाचव्या क्रमांकाला बदलून दिलेले सेक्टर, १९७ला वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर, १९८ला कायमचे न वाचता येणारे. नव्या डिस्कचे हे तिन्ही आकडे शून्य होते. आणि १९९व्या क्रमांकाला, केबलवर ताळा न जमल्याची संख्या, चांगलीच फुगलेली. ग्रंथपालांनी ‘गेलेली’ जुनी डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. तिचीही नोंद पाहिली. तीच कहाणी: तीन शून्यं आणि १९९ फुगलेला.

तेवढ्यावर निकाल देता येत नाही. १९९ वाढला म्हणजे दोष वाटेवर आहे इतकंच कळतं. वाटेवर नेमका कुठे, ते बदलून बघावं लागतं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. दोन डिस्कच्या केबलींची मी अदलाबदल केली, डिस्क आणि पोर्ट तसेच ठेवले. चुका त्या केबलच्या मागोमाग दुसऱ्या डिस्ककडे गेल्या. चुका जागच्या जागी राहिल्या असत्या तर डिस्क किंवा पोर्ट यांच्यापैकी कोण हे आणखी एका बदलाने कळलं असतं. केबल काढून उजेडात धरली तर टोकाचे संपर्क काळवंडलेले दिसले. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांची ओल, आणि खिडकीलगतचं टेबल. सॅटाच्या केबलमध्ये सात संपर्क असतात: माहितीच्या दोन जोड्या आणि तीन जमिनीचे. त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा नावापुरता असतो, आणि हा कनेक्टर साधारण ५० वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनवलेला असतो. दुरुस्तीच्या निमित्ताने तो कितीदा ओढला गेला असेल कोण जाणे.

नवी केबल घातली, यंत्राची जागा बदलली, जुनी डिस्क परत बसवली आणि रात्रभर सगळं पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. १९९चा आकडा पुढे सरकला नाही. तो खाली मात्र येत नाही. झालं ते डिस्क आपल्या अंगावर कायम बाळगते. पुढे कुणी फक्त तो मोठा आकडा बघून पुन्हा डिस्कला दोषी ठरवेल, या काळजीने मी त्या दिवशीचा आकडा कागदावर लिहून यंत्राच्या आत चिकटवला.

वाटेवरच्या दोषाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो मला माणसांच्या स्वभावासारखा वाटतो. घरगुती डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी मिनिटाहूनही जास्त वेळ. लिनक्समध्ये अशा आज्ञेसाठी वाट बघण्याची मुदत बहुधा ३० सेकंदांची. डिस्क आत जीव तोडून वाचायचा प्रयत्न करते आहे आणि बाहेर कर्नलचा धीर सुटतो. तो दुवा तोडून नव्याने जोडतो, डिस्क त्यालाही उत्तर देत नाही, आणि प्रतिबिंबाच्या जोडीतून तिला मृत म्हणून काढून टाकलं जातं. एका सेक्टरपायी संपूर्ण डिस्क. ज्या डिस्कला सांगता येतं तिला सात सेकंदांत हार मानायला सांगावं, म्हणजे तो एक सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून भरून घेता येतो. जिला सांगता येत नाही तिच्यासाठी कर्नलची मुदत वाढवावी. दोन्ही बाजू शहाण्या असूनही मुदतीचं आधी बोलून न घेतल्याने होणारा हा घात आहे, आणि तो मी फार ठिकाणी पाहिला आहे.

डिस्कच्या अंगच्या नोंदी वाचायला आपण जे साधन वापरतो, स्मार्टमॉनटूल्स, ते कुणी केलं हे थोड्यांना ठाऊक असतं. २००२ साली ते सुरू करणारे ब्रूस ॲलन हे भौतिकशास्त्रज्ञ. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत ते गुरुत्वीय लहरींचा शोध घेत होते, आणि लायगो या त्यासाठीच्या वेधशाळेची माहिती तपासायला त्यांच्याकडे लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांचा मोठा ताफा होता. एवढ्या डिस्कमधली पुढची कुठली जाणार हे आधी कळावं म्हणून त्यांनी हे साधन हाती घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. विश्वाच्या टोकाचा कंप ऐकायला बसलेल्या माणसाला आधी आपल्याच कपाटातल्या डिस्कची कुरकुर ऐकावी लागली. १४ सप्टेंबर २०१५ला तो कंप खरोखर पकडला गेला. आज हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे, पुण्याची आयुका ही संस्था तिच्यात सहभागी आहे. तिथल्या यंत्रांवरही कुणी मराठवाड्यातली मुलगी किंवा मुलगा बसून १९९चा आकडा बघेल, या विचाराने मला फार आनंद होतो.

या आकड्यांवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. आकडा वाढला तर ऐकावं. आकडा शून्य आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. वाचनालयाच्या त्या यंत्राची एक नक्कल आता दुसऱ्या गावात असते, ती याच कारणाने.

ऑगस्ट २०२१मध्ये आलेल्या लिनक्स ५.१४ मधून जुना आयडीई ड्रायव्हर काढून टाकला गेला. ८० आणि ४ची सोबत बघणारी ती ओळही त्याच्याबरोबर गेली. जुन्या डिस्क आता नव्या ड्रायव्हरमधूनच चालतात. पण दोषाची जागा शोधण्याची रीत तीच आहे, आणि ती शिकायला अभियंता असावं लागत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमची डिस्क अडली तर तिच्यावर काहीही नवं लिहू नका. वाचता येतंय तोवर नक्कल काढा. जखमी डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू आहे, ते आधी सहज वाचता येणारं काढून घेतं आणि अवघड जागा शेवटी घेतं. मग लॉग वाचा, स्मार्टचे पाच, १९७, १९८ आणि १९९ हे चारही आकडे बघा आणि लिहून ठेवा. केबल बदला, पोर्ट बदला, शक्य असेल तर पॉवर सप्लाय बदलून बघा, दर वेळी एकच. आणि पाच, १९७, १९८ शून्यावर असून एकटा १९९ वाढत असेल, तर कृपा करून ती डिस्क भंगारात देऊ नका. शे-दीडशे रुपयांची केबल आणा.